सात घरे आणि एक पोते

मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे आपल्याकडे म्हटले जाते. लालबाग-परळच्या चाळींत ज्यांचे बालपण गेले, त्यांना या म्हणण्याचा पुरावा बाहेर शोधावा लागत नव्हता. मांजरी आमच्या खोलीतल्या माळ्यावर व्यायची. चार दिवसांनी एकेका पिल्लाची मान तोंडात अलगद धरून ती शेजारच्यांच्या गोधड्यांच्या गाठोड्यात बिऱ्हाड हलवायची. तिथून जिन्याखालच्या अडगळीत, तिथून पलीकडच्या चाळीत. बोक्याचे भय, एका जागी साठणारा वास आणि पिसवा, माणसांची वर्दळ ही त्यामागची कारणे पुढे वाचनातून कळली. त्या वयात एवढेच कळत होते की मांजरीचे दात तिच्या पिल्लाला लागत नाहीत, आणि चाळीतले कोणतेही दार तिला कायमचे बंद नसते.

त्या चाळीच्या जागी आज उंच इमारत उभी आहे. मूळ दारापुढे दुसरे जाळीचे दार आहे, आणि दोन्ही दिवसभर बंद असतात. जिना आहे, पण तो कोणी चढत नाही. सात घरे तिथे आजही आहेत. सातांच्या जागी शंभर झाली आहेत. पिल्ले फिरवायला मात्र त्यांतले एकही उरलेले नाही. म्हणून मांजरी विजेच्या मीटरच्या कपाटात विते, आणि मग तो विषय गृहनिर्माण संस्थेच्या सभेपुढे येतो.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तो आमच्या सभेपुढे आला. घाण होते, वास येतो, रात्री ओरडणे असते, अशा तक्रारी झाल्या. त्या सर्वच खोट्या होत्या असे मी म्हणणार नाही. पण त्या सभेत सर्वांत मोलाचे वाक्य एका भाविक गृहस्थांनी उच्चारले. ते म्हणाले, "मारायचे मात्र नाही हं. लांब कुठे तरी नेऊन सोडायचे." मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, ही समजूत आपल्या घराघरांत मुरलेली आहे. मारण्याचे पाप नको, आणि मांजरही नको. या दोन इच्छांचा मेळ घालण्यासाठी आपल्या समाजाने एक साधन फार पूर्वी शोधून काढले आहे. ते साधन म्हणजे पोते.

ठराव लेखी झाला नाही. अशा गोष्टी लेखी होत नसतात. रखवालदाराला सांगण्यात आले. महिना नऊ-दहा हजारांवर बारा तास उभा राहणारा परप्रांतीय माणूस 'नाही' म्हणू शकत नाही, हे सभेला ठाऊक होते. सभेतल्या एकानेही पोत्याला हात लावला नाही. सोन्याच्या मांजराचा हिशेब त्यामुळे त्या गरीब माणसाच्या नावावर पडला असेल, तर आमच्या भाविकांना त्याची चिंता नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या रस्त्यावर झाडू मारणाऱ्या बाई माझ्या दाराशी आल्या. नाल्याकाठच्या कचऱ्यात त्यांना पोते वळवळताना दिसले होते. चारांपैकी तीन पिल्ले जिवंत होती. आईचा पत्ता नव्हता. "काका, तुमच्याच बिल्डिंगमधली आहेत ही. रंगावरून ओळखली मी," त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून म्हणाल्या, "माझी खोली दहा बाय दहाची आहे. दोन मी नेते, एक तुम्ही ठेवून घ्या." माझ्याकडे तीन खोल्या आहेत. तो हिशेब त्यांनी बोलून दाखवला नाही, आणि मला तो पुरता ऐकू आला.

मी ठेवून घेतलेले पिल्लू त्याच रात्री गेले. ते माझ्या अज्ञानाने गेले, हे इथे लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण असे अज्ञान हेच दरवर्षी असंख्य पिल्लांच्या मृत्यूचे कारण असते आणि ते दयेच्या पोटी घडते. पिल्लू गारठले होते. मी लगबगीने गायीचे दूध कोमट केले, त्याला मुलासारखे उताणे धरले आणि ड्रॉपरने दूध पाजले. या तिन्ही गोष्टी चूक होत्या. पहिले तीन-चार आठवडे पिल्लाला स्वतःच्या शरीराची ऊब राखता येत नाही. गारठलेल्या पिल्लाचे आतडे काम करीत नाही, तेव्हा त्याला आधी हळूहळू ऊब द्यायची असते आणि अंग गरम झाल्यावरच अन्न. उताणे धरले की दूध श्वासनलिकेत उतरते. मांजरीला जसे ते पोटावर पडून लुचते, तसेच त्याला धरावे लागते. गायीच्या दुधाने बहुतेक पिल्लांना हगवण लागते, आणि शंभर-दीडशे ग्रॅम वजनाच्या जिवाच्या अंगात हगवणीला पुरेल इतके पाणी नसते. त्याच्यासाठी तयार केलेली दुधाची भुकटी मिळते; ती दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पाजावी लागते. एवढेही पुरे नाही. या वयात पिल्लाला आपण होऊन मलमूत्रही विसर्जित करता येत नाही. आई चाटून ते करवते, आणि आई नसेल तर आपल्याला ओल्या कापसाच्या बोळ्याने ते करवावे लागते.

हे सर्व त्या बाईंना तरी कोणी शिकवले होते? त्यांच्या वस्तीत महाविद्यालयात जाणारी एक मुलगी आहे. ती आणि तिच्या चार-पाच मैत्रिणी असली पिल्ले सांभाळतात. तिने बाईंना भुकटी आणून दिली, गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्यात कशी ठेवायची ते दाखवले आणि स्वयंपाकाच्या छोट्या काट्यावर पिल्लांचे वजन रोज लिहून ठेवायला सांगितले. पिल्लू रोज साधारण दहा-पंधरा ग्रॅम वाढले तर ठीक. वजन अडले किंवा उतरले तर डॉक्टर गाठायचा. दोन्ही पिल्ले जगली. सहा महिन्यांनी दोघांचे निर्बीजीकरण झाले. एक आज बाईंच्या घरी आहे, दुसरे एका शिक्षिकेकडे. मीही त्या मुलींकडून धडे घेतले आणि त्यानंतर माझ्या रिकाम्या खोलीत पाच पिल्ले वाढून आपापल्या घरी गेली. ही कामगिरी म्हणून सांगत नाही. माझ्या हातून गेलेल्या एकाचे ते परिमार्जन होत नाही.

या मुलींनी मला आणखी एक गोष्ट शिकवली, आणि ती कळवळ्याच्या भरात सर्वांत आधी विसरली जाते. पिल्लू एकटे दिसले की उचलायचे नसते. आई अन्न शोधायला गेलेली असते, किंवा बिऱ्हाड हलवीत असते आणि पुढच्या खेपेला ती परत येणार असते. जवळ धोका नसेल तर दूर उभे राहून काही तास वाट पाहावी. आईच्या दुधाची आणि उबेची बरोबरी कोणत्याही भुकटीने होत नाही. पिल्लू उचलावे ते आई मेली असेल, पिल्लू जखमी वा गारठलेले असेल, किंवा माणसानेच त्यांची ताटातूट केली असेल तेव्हा. म्हणजेच सांभाळणाऱ्यांच्या वाट्याला आलेली किती तरी पिल्ले मुळात अनाथ नव्हती. त्यांना पोत्याने अनाथ केले.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आधी खासगी विधेयक आणून त्याची वाट मोकळी केली होती. भूक-तहानेने तडफडेल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा या कायद्याच्या ११व्या कलमाने गुन्हा ठरवला आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड किती? कमीत कमी दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. उलट, भारतीय न्याय संहितेच्या ३२५व्या कलमानुसार प्राण्याला ठार मारणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचले की लक्षात येते, आपल्या कायद्याचे नीतिशास्त्र आमच्या सभेतल्या भाविक गृहस्थांच्या नीतिशास्त्राहून फारसे निराळे नाही. मारू नका, पोत्यात घाला. मरण दृष्टीआड झाले की त्याची किंमत दहा रुपये.

राज्यघटनेच्या ५१ क या अनुच्छेदाने सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य सांगितले. हा अनुच्छेद १९७६ साली ४२व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे आणीबाणीत आला. नागरिकांचे हक्क काढून घेणाऱ्या राजवटीने त्यांना कर्तव्ये शिकवावीत यातला विनोद तेव्हाही अनेकांना जाणवला होता. पण त्या विनोदावरून घेण्यासारखा बोध वेगळाच आहे. कर्तव्य नागरिकाच्या माथी मारून शासनाने स्वतः हात झटकले, तर ते कर्तव्य ज्यांना कळवळा आहे त्यांच्याच खांद्यावर पडते. बाकीचे मोकळे राहतात. मांजरांच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे. २०२३ च्या प्राणी जननदर नियंत्रण नियमांनी 'सामुदायिक प्राणी' ही संज्ञा स्वीकारली. वस्तीत जन्मलेला, कोणीही मालकी न सांगितलेला प्राणी तो सामुदायिक. त्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारीही रहिवाशांच्या संघांवर टाकली. शब्द चांगला आहे. पण समुदाय कुठे आहे? पिल्लांच्या भुकटीचा, लशीचा, शस्त्रक्रियेचा खर्च आज बहुतेक ठिकाणी कोण करते ते पाहा. मासळी बाजारातली कोळीण आपल्या टोपलीतली डोकी-शेपट्या बाजूला ठेवते. घरकाम करणारी बाई पगारातून नोट काढते. निवृत्त शिक्षिका निवृत्तिवेतनातून औषध आणते. त्यांतल्या बहुतेक बायका आहेत. फुकट केलेली सेवा बायकांकडून गृहीत धरायची आणि ती करताना त्यांनाच 'मांजरवाली' म्हणून हिणवायचे, ही आपल्या समाजाची जुनी रीत इथेही चालू आहे.

"रस्त्यावर माणसांची मुले उपाशी असताना मांजरांच्या पिल्लांची ही चिंता कशाला?" हा प्रश्न विचारला जाईल, आणि या विचारसरणीच्या वाचकांनी तो विचारलाच पाहिजे. त्याला उत्तर देताना मला मुंबईचाच इतिहास आठवतो. १८८० च्या दशकात सर दिनशा माणेकजी पेटिट या गिरणीमालकाच्या देणगीतून परळला प्राण्यांचे रुग्णालय उभे राहिले. ते आजही आहे. त्याच दशकात नारायण मेघाजी लोखंडे गिरणी कामगारांसाठी आठवड्याची एक सुट्टी मागत होते, आणि ती मिळायला १८९० साल उजाडले. बैलाच्या जखमेवर पट्टी आणि कामगाराला रविवार नाही, यातली विसंगती कोणालाही बोचेल. पण कामगाराची सुट्टी रुग्णालयाने अडवली नव्हती; ती नफ्याने अडवली होती. लोखंड्यांनी मालकांशी झगडा मांडला, रुग्णालयातल्या बैलांशी नव्हे. आजही उपाशी मुलाचा घास मांजराच्या पिल्लाने पळवलेला नाही. तो कोणी पळवला, हे आपण जाणतो. शिवाय माझा अनुभव असा की, ज्या सभेत मांजरांसाठी पोते निघाले, त्याच सभेत पुढचा विषय मोलकरणींना उद्वाहन वापरू द्यावे की नाही हा होता. आपल्या दारात कोण नको, याची यादी एकदा करायला घेतली की ती मांजरावर थांबत नाही.

दुसरा आक्षेप आरोग्याचा आहे, आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. मांजर चावले तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रेबीज मांजरापासूनही होऊ शकतो. गरोदर स्त्रीने मांजराची विष्ठा साफ करू नये. ती दुसऱ्याने रोजच्या रोज काढावी आणि हात धुवावेत, कारण टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा धोका विष्ठा एक दिवसाहून अधिक पडून राहिली की वाढतो. पण आरोग्याचा हा हिशेब एकतर्फी मांडू नये. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, आणि पुढच्या काही वर्षांत उंदीर व त्यांच्या अंगावरच्या पिसवा हे त्याचे वाहक असल्याचे सिद्ध झाले. तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात सेवा करणारे ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी, ज्या घरांत मांजरे आहेत तिथे प्लेग कमी दिसतो अशी निरीक्षणे मांडली आणि मांजरे पाळण्याचा आग्रह धरला. मांजरालाही प्लेग होऊ शकतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ब्यूकॅनन यांचा उपाय जसाच्या तसा घेण्याचे कारण नाही. तरीही ज्या शहरात उंदरांपायी दर पावसाळ्यात लेप्टोची भीती असते, तिथे उंदरांची जुनी वैरीण पोत्यात भरताना माणसाने क्षणभर थबकायला हरकत नव्हती.

तिसरा आक्षेप मला स्वतःला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: मांजरे वाढत जातात, ती पक्षी मारतात, आणि खाऊ घालणारे ही वाढ पोसतात. हे खरे आहे. मांजरीचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा. चार-पाच महिन्यांची मांजरी गाभण राहू शकते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. अशा स्थितीत नुसते दूध-मासळी घालणे ही दया नव्हे. ती पुढच्या पोत्याची तयारी आहे. निर्बीजीकरणाशिवाय केलेला सांभाळ अर्धवट आहे, हे प्राणिप्रेमींनी मान्य केलेच पाहिजे. आणि मांजरे उचलून लांब सोडल्याने प्रश्न सुटत नाही, हे इतरांनी मान्य केले पाहिजे. कचरा आणि उंदीर जागेवरच असतात. त्यांच्यापाठी नवी मांजरे येतात, आणि ती निर्बीज नसतात. पकडणे, शस्त्रक्रिया व लस करणे, कानाचे टोक किंचित कापून खूण करणे आणि त्याच जागी परत सोडणे, हाच शहाणपणाचा मार्ग आहे. मुंबई महापालिकेने २०१९ मध्ये मांजरांच्या निर्बीजीकरणाचे काम हाती घेतले, ही स्वागतार्ह गोष्ट झाली. पण हे काम मुंबईपुरते आणि काही संस्थांच्या जिवावर राहून चालणार नाही.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्न २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ तारखेला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात डांबण्याचा आदेश झाला, आणि २२ तारखेला त्यात दुरुस्ती होऊन, रेबीजबाधित व आक्रमक कुत्री वगळता इतरांना शस्त्रक्रिया आणि लशीनंतर मूळ जागी सोडण्याचे ठरले. देशभर चर्चा झाली. मांजरांबद्दल अशी चर्चा होत नाही, कारण मांजर भुंकत नाही, वाटेत अडवत नाही, आणि पोत्यात मावते. ज्याचा उपद्रव कमी, त्याची दखल कमी. हा नियम माणसांनाही लागू असल्याचे या पृष्ठाच्या वाचकांना सांगायला नको.

मागण्या अवघड नाहीत. प्रत्येक महापालिका आणि नगरपालिकेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजरांची शस्त्रक्रिया व लसीकरण विनाशुल्क व्हावे, आणि त्यासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद असावी. पिल्ले सांभाळणाऱ्यांना भुकटी आणि औषध तिथूनच मिळावे. कारण ज्याच्या घरी जागा आहे त्याला कळवळा असतोच असे नाही, आणि ज्याला कळवळा आहे त्याच्या खिशात पैसा असतोच असे नाही. प्राणी टाकून देण्याचा दंड असा असावा की पोते उचलणाऱ्या नोकराऐवजी ते उचलायला सांगणाऱ्याला तो भरावा लागेल. आणि गृहनिर्माण संस्थांनी 'सहकारी' हा आपल्या पाटीवरचा शब्द एकदा मोठ्याने वाचावा. परदेशी जातीचे मांजर हजारो रुपये मोजून दुकानातून आणणाऱ्या कुटुंबांनीही, आपल्याच जिन्याखाली जन्मलेल्या पिल्लाला घर का मिळत नाही, याचा विचार करावा.

शेवटी एक कबुली. पोत्याचा मला आलेला अनुभव गेल्या पावसाळ्यातला पहिला नव्हता. मी नऊ-दहा वर्षांचा असताना आमच्या चाळीतही एकदा मांजरे फार झाली होती, आणि काकांबरोबर पिशवी धरून मासळी बाजारापर्यंत मी गेलो होतो. "इथे तिला खायला मिळेल," काका म्हणाले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणे सोयीचे होते. परतताना मी मागे वळून पाहिले नाही. पिशवी हातात असताना आत काही तरी सारखे माझ्या पायावर घासत होते; तो स्पर्श आज साठ वर्षांनंतरही गेलेला नाही.

म्हणून सभेत त्या दिवशी मी गप्प बसलो, याची मला अधिक लाज वाटते. पुढच्या सभेत गप्प बसणार नाही. झाडू मारणाऱ्या बाईंनी आपल्या दहा बाय दहाच्या खोलीचे दार उघडले, तेव्हा मांजरीच्या सात घरांपैकी एक घर परत मिळाले. उरलेली सहा आपण द्यायची आहेत.